चर्चचा यार्ड सेल: पैसा दारातच ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉस्टनजवळच्या एका गावात राहणाऱ्या मराठी ताईंच्या चर्चमध्ये दर उन्हाळ्यात यार्ड सेल, म्हणजे दानात आलेल्या जुन्या सामानाची विक्री, होतो आणि त्याचे पैसे गरजूंना मोफत किराणा देणाऱ्या गावातल्या फूड पँट्रीला जातात. यंदा ती जबाबदारी समितीने त्यांच्यावर सोपवली आहे. गेल्या वर्षी सामान भरपूर आलं, गर्दीही बरी होती, पण हातात आलेली रक्कम फारच थोडी. वर उरलेलं सामान हलवायला ट्रक भाड्याने घ्यावा लागला. "जाहिरात कमी पडली का? किमती वाढवू का? आणि सोबत वडापावचा स्टॉल लावला तर चालेल का?" असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मॅसॅच्युसेट्समधल्या एका काँग्रिगेशनल चर्चमध्ये मी बरीच वर्षं हेच काम बघतो आहे, आधी किमतींच्या टेबलावर आणि आता सगळ्याच सेलचं. तुमचं वर्णन वाचल्यावर जाहिरातीचा मला फारसा संशय येत नाही. गर्दी आली होती ना? मग अडचण दुसरीकडे आहे. सेलचं उत्पन्न विक्रीच्या शनिवारी ठरत नाही. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत, मंडळीतले लोक गाड्या भरभरून सामान आणतात आणि दारात उभा असलेला माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणतो, तेव्हाच ते ठरतं. ट्रकचं भाडं, डंपरचा म्हणजे भाड्याच्या मोठ्या कचरापेटीचा खर्च, स्वयंसेवकांचे दमलेले हात हे सगळं त्या दारातून आत आलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा: दारावर एकच माणूस नेमा. रोज वेगळा नको. शब्दाला पक्की आणि बोलायला मृदू अशी व्यक्ती मंडळीत असतेच, बहुधा निवृत्त शिक्षिका किंवा नर्स. सामान घ्यायचे वार आणि तास ठरवा, त्याबाहेर कुणी पिशव्या ठेवू नयेत अशी पाटी लावा आणि पाळकांना रविवारी उपासनेच्या शेवटी ते जाहीर करायला सांगा. रात्री पायरीवर ठेवलेली आणि पावसात भिजलेली कपड्यांची पिशवी म्हणजे दान नव्हे, उद्याचा कचरा.

काय घ्यायचं नाही, याची छापील यादी महिनाभर आधी चर्चच्या रविवारच्या बुलेटिनमध्ये द्या. माझ्या यादीत गाद्या, उशा, जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही, प्रिंटर, व्हीएचएस, विश्वकोशाचे संच, जुनी पाठ्यपुस्तकं, व्यायामाची अवजड यंत्रं, पियानो, रंगाचे डबे आणि भुशाच्या फळ्यांची मोठी कपाटं असतात. यातल्या बऱ्याच वस्तू कुणी फुकटही नेत नाही. शिवाय आपल्या राज्यात त्यातल्या काही टाकूनही देता येत नाहीत. पिक्चर ट्यूब कचऱ्यात टाकायला मॅसॅच्युसेट्सने 2000 सालीच बंदी घातली आणि 1 नोव्हेंबर 2022 पासून गाद्या आणि कापडही त्या यादीत आलं. बुरशी लागलेलं, तेलकट झालेलं कापड तेवढं वगळलं आहे. म्हणजे 'नाही विकलं तर डंपरमध्ये टाकू' हा जुना मार्ग आता बंद आहे. जे घेताय ते शेवटी कुठे जाणार, हे घेतानाच माहीत हवं.

कापडी सोफे आणि खुर्च्या मी घेतच नाही. ढेकूण निघाले तर एका सोफ्यापायी अख्खा हॉल बंद ठेवावा लागतो, आणि त्या हॉलमध्ये रविवारची मुलांची शाळा भरते.

लहान मुलांच्या सामानाबाबत तर कुणाचीही भीड धरू नका. 2008 च्या ग्राहक सुरक्षा कायद्यानुसार परत मागवलेली वस्तू विकणं बेकायदेशीर आहे आणि त्यातून चर्चचा सेलही सुटत नाही. एक बाजू खाली सरकणारे पाळणे जून 2011 पासून विकता येत नाहीत. फिशर-प्राइसचा 'रॉक अँड प्ले' हा तिरका झोपाळा 2019 मध्ये परत मागवला गेला आणि 2022 च्या कायद्याने त्या प्रकारच्या सगळ्याच तिरक्या झोपाळ्यांवर बंदी आली. तरीही तळघरांतून ते अजून निघतात, आणि आणणारी आजी अगदी प्रेमाने आणते. गाडीतल्या कार सीटवर मुदतीची तारीख असते, पण तिला अपघात झाला होता की नाही, हे बघून कळत नाही. म्हणून कार सीट नाही आणि सायकलचं हेल्मेटही नाही. 2016 मध्ये आयकियाने माल्म मालिकेची लाखो ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण ती मुलांच्या अंगावर उलटत होती. दारातल्या माणसाच्या फोनवर सीपीएससीचं, म्हणजे संघीय ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचं, परत मागवलेल्या वस्तू शोधायचं पान उघडं ठेवा. शंका आली की तिथल्या तिथे नाव टाकून बघायचं.

आता अवघड भाग. चर्चच्या सेलला सर्वांत चांगलं सामान येतं ते घर आवरणाऱ्या वृद्ध सभासदांकडून किंवा नुकत्याच गेलेल्या कुणाच्या तरी मुलांकडून. बाई चाळीस वर्षं जपलेला बारा माणसांचा चिनी मातीचा संच घेऊन येतात. सोनेरी काठ असल्याने तो मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, भांड्यांच्या यंत्रात घालवत नाही, आणि आजची तरुण कुटुंबं तो घेत नाहीत. बाजारात त्याची किंमत फारच थोडी. पण त्या बाईंच्या लेखी तो त्यांचा संसार असतो. इथे 'याला कोण विचारतंय' असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. मी बसतो, त्यांच्याकडून त्या संचाची हकिगत ऐकून घेतो, आणि मग सांगतो की आम्ही याचे सहा-सहाचे दोन भाग करून अल्प किमतीला देऊ, तेवढ्यात तुमची हरकत नसेल तरच ठेवा. बहुतेक जणी ठेवतात. काही परत नेतात, तेही योग्यच.

आलेलं सामान वेगळं करताना प्रत्येक खिसा, प्रत्येक पर्स आणि प्रत्येक पुस्तक झटकून बघायचं. नोटा निघतात, पत्रं निघतात, फोटो निघतात. जुन्या कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी असतात. ते बायबल विकायचं नाही, कुटुंबाला फोन करायचा. एवढी एक गोष्ट नीट पाळली की पुढच्या वर्षी लोक विश्वासाने अधिक चांगलं सामान देतात.

वेगळं करताना जाणत्या माणसाची नजरही हवी. जुने रंगीत नक्षीचे पायरेक्सचे बाऊल, ग्रिसवॉल्ड किंवा वॅग्नरचे बिडाचे तवे, 925 चा शिक्का असलेली चांदी, लेगोचे डबे, ग्रामोफोन रेकॉर्ड, चांगली हत्यारं यांना भाव आहे. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये ब्रिमफिल्डला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो आणि तिथले व्यापारी तुमच्या सेलला सकाळी सहा वाजता हजर असतात. त्यांचा राग धरू नका, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण चांदीचा चमचा पन्नास सेंटच्या डब्यात गेला तर नुकसान फूड पँट्रीचं होतं. अशा निवडक वस्तूंसाठी आत वेगळं टेबल ठेवा, पैशाच्या टेबलाशेजारी, आणि किमती आधी इंटरनेटवर बघून लावा. मात्र 'मागितलेली' किंमत बघू नका, 'विकली गेली' ती बघा.

हे सोडून बाकी सगळ्याच्या किमती कमी ठेवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: वाढवू नका, उतरवा.

आपल्या लोकांना हे पटायला जड जातं, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. मी अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. आमच्याकडे हंगामाच्या सणाला मंडळी भोपळे, कणसं, कोंबड्या, केक आणून वेदीपुढे अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा शंभरावर जातो, घेणारा तो परत दान करतो, पुन्हा बोली लागते. तिथे विकत घेणारा आपलाच माणूस असतो. त्याला भोपळा नको असतो, त्याला द्यायचं असतं. यार्ड सेलला येणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक लोक रस्त्यावरची पाटी बघून वळलेले असतात. त्यांना टोस्टर हवा असतो आणि तो स्वस्त हवा असतो. लिलावाची मनोवृत्ती इथे लावली की वस्तू पडून राहतात. टोस्टरला बारा डॉलर लावून तो दुपारी फुकट देण्यापेक्षा सकाळी आठ वाजता चार डॉलरला गेलेला बरा.

माझा साधा ठोकताळा असा: गावातल्या थ्रिफ्ट (जुन्या वस्तूंच्या) दुकानातल्या किमतीच्या निम्मी किंमत. मुलांचे कपडे एक डॉलर, मोठ्यांचे दोन-तीन, हिवाळी कोट पाच ते दहा, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं एक, पेपरबॅक पन्नास सेंट. सगळ्या किमती पंचवीस सेंटच्या पटीत ठेवा म्हणजे सुट्ट्यांचा घोळ होत नाही. प्रत्येक बशीला चिकटपट्टी लावत बसू नका. 'या टेबलावरचं सगळं एक डॉलर' अशी पाटी पुरते आणि स्वयंसेवकांचे दोन दिवस वाचतात.

कमी किमतीमागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते पैशाहून मोठं आहे. 1902 मध्ये बॉस्टनमध्येच एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाळकांनी सुखवस्तू घरांतून जुने कपडे आणि सामान गोळा करायला सुरुवात केली. ते दुरुस्त करायला गरजू माणसांनाच कामावर घेतलं आणि मग वस्तू अल्प किमतीत विकल्या. त्यातूनच गुडविल ही जुन्या वस्तू विकणारी धर्मादाय संस्था उभी राहिली. फुकट वाटप आणि अल्प दरातली विक्री यांत घेणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा फरक असतो. पाच डॉलरला कोट घेणारी बाई गिऱ्हाईक म्हणून येते, रंग बघते, नापसंत असेल तर परत ठेवते. आपल्या सेलला येणाऱ्यांत नुकतीच या देशात आलेली कुटुंबं असतात, पहिलं घर मांडणारी मुलं असतात, फूड पँट्रीत रांग लावणारेही असतात. म्हणजे मदत दोन ठिकाणी पोचते: एकदा चेकने आणि एकदा टेबलावर. ज्यांना पाच डॉलरही जड आहेत त्यांच्यासाठी पँट्रीच्या समन्वयकांकडे आधीच काही कूपन देऊन ठेवा. पैशाच्या टेबलावर ते कूपन नोटेसारखंच घ्यायचं, काहीही न विचारता.

सेलच्या दिवसाबद्दल फार लांबण लावत नाही. मदर्स डे आणि मेमोरियल डेचा शनिवार-रविवार टाळा. फर्निचर जास्त येणार असेल तर ऑगस्टचा शेवट उत्तम, कारण बॉस्टनमधली असंख्य भाडेकरारांची घरं 1 सप्टेंबरला बदलतात आणि विद्यार्थी टेबल-खुर्च्या शोधत हिंडत असतात. सामान मैदानावर मांडा, पण पावसासाठी हॉल मोकळा ठेवा. कपडे मापाप्रमाणे टांगा, ढिगात घालू नका. हत्यारं आणि खेळणी रस्त्यावरून दिसतील अशी लावा. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर काढून ठेवा म्हणजे गिऱ्हाइकाला मिक्सर चालवून बघता येतो. दार उघडायच्या आधी कुणालाही विक्री नाही. स्वयंसेवकांनाही नाही. हा शेवटचा नियम काटेकोर पाळा, कारण चांगल्या वस्तू आधीच आतल्या लोकांनी उचलल्या अशी कुजबुज गावात पसरायला एक दुपार पुरते. स्वयंसेवकांना काही हवं असेल तर पहिल्या तासानंतर, लावलेल्या किमतीला, रांगेत उभं राहून.

शेवटच्या तासात किराणा दुकानातली कागदी पिशवी पाच डॉलरला द्या, मावेल तेवढं भरून न्या म्हणावं. या तासाची लोक वाट बघतात आणि टेबलं खरोखर रिकामी होतात.

त्यानंतरही उरतंच. पण कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असलं की ट्रक लागत नाही. मुलांचे चांगले कपडे क्रेडल्स टू क्रेयॉन्सकडे, घरगुती सामान ॲक्टनच्या हाउसहोल्ड गुड्सकडे, पुस्तकं मोअर दॅन वर्ड्सकडे, बाकी कपडे गुडविलला किंवा कापड पुनर्वापर करणाऱ्यांना. प्रत्येकाला महिनाभर आधी फोन करून सध्या काय घेतात ते विचारा. त्यांच्या याद्या बदलत असतात, आणि त्यांना नको असलेलं सामान त्यांच्या दारात सोडणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्या धर्मादाय संस्थेच्या माथी मारणं. मंडळीतल्या तीन-चार मोठ्या गाड्या दुपारी तीन ते पाच राखून ठेवल्या तर काम त्याच दिवशी संपतं.

आता पैसा. रोकड मोजायला नेहमी दोन माणसं, आणि ती एका घरातली नसावीत. नवरा-बायकोची जोडी कितीही विश्वासू असली तरी नको. नियम आहे म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही. सकाळी एक आणि पाच डॉलरच्या नोटा आणि पंचवीस सेंटची नाणी मिळून दोनशे डॉलरची सुटी रोकड ठेवा आणि ती नोंदवून ठेवा. दर दोन तासांनी जादा नोटा पाकिटात घालून, रक्कम लिहून, दोघांच्या सह्यांनिशी कार्यालयाच्या तिजोरीत जाऊ द्या. व्हेन्मो (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) किंवा कार्ड घेणार असाल तर खातं चर्चच्या नावाचं हवं. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात एक डॉलरही जाऊ नये, 'नंतर ट्रान्सफर करते' असं म्हणूनसुद्धा नाही.

कराबद्दल लोक दारातच विचारतील. सामान देणाऱ्याला पावती द्या, तीत वस्तूंचं वर्णन आणि तारीख लिहा, पण किंमत लिहू नका. किंमत ठरवायची जबाबदारी देणाऱ्याची आहे. एका वेळचं दान 250 डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर वजावटीसाठी त्याला लेखी पोच लागते. वस्तूरूप दानांची वजावट वर्षाला 500 डॉलरच्या वर गेली की त्याला आयकर विवरणासोबत 8283 क्रमांकाचा फॉर्म जोडावा लागतो. 2006 च्या कायद्यापासून कपडे आणि घरगुती सामान चांगल्या स्थितीत असेल तरच वजावट मिळते. फाटका सोफा नाकारताना हे वाक्य फार उपयोगी पडतं. विकत घेणाऱ्याला मात्र वजावट नाही, कारण त्याला दिलेल्या पैशाची वस्तू मिळालेली असते. दानात आलेल्या वस्तूंची विक्री आणि विनामोबदला स्वयंसेवकांनी चालवलेलं काम यांना संघीय आयकरात असंबंधित व्यवसाय धरत नाहीत, त्यामुळे त्या बाजूने चर्चला काळजी नाही. राज्याच्या विक्रीकराचं तुमच्या खजिनदारांनी महसूल खात्याला विचारून घ्यावं. रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत, ठेवायचा कुणी आग्रह धरला तर टाउन क्लार्ककडून परवाना लागतो आणि एकूण जमेवर राज्याच्या लॉटरी आयोगाला 5 टक्के कर जातो. मी रॅफल ठेवत नाही.

जाहिरातीबद्दल तुम्ही विचारलं होतं. पाट्या मोठ्या करा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैसे कुणाला जाणार ते पाटीवर लिहा. 'चर्चच्या मदतीसाठी' नव्हे, तुमच्या पँट्रीचं पूर्ण नाव. बॉस्टनमध्ये 1834 पासून मराया वेस्टन चॅपमन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गुलामगिरीविरोधी बाजार भरवले. येणारा प्रत्येक जण आपला पैसा कशासाठी जातो आहे हे जाणून येत असे. याच शहरातून निघालेल्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत पोचले आणि 1831 मध्ये तेच काम आमच्या नगरला आलं. त्या काळी न्यू इंग्लंडमधल्या चर्चमधल्या बायका शिवणकाम विकून अशा कामांना पैसे पुरवत. त्यातला किती पैसा आमच्या गल्लीतल्या शाळेपर्यंत आला असेल, हा विचार टेबलं मांडताना माझ्या मनात नेहमी येतो आणि मला हे काम हलक्या हाताने करू देत नाही.

खर्च सेलच्या जमेतून कापू नका. पाट्या, तंबूचं भाडं, कॉफी हे समितीने किंवा एखाद्या सभासदाने उचलावं, म्हणजे 'जमा झालेला प्रत्येक डॉलर पँट्रीला' असं तुम्ही छातीठोकपणे लिहू शकाल. चेक त्याच आठवड्यात द्या आणि रक्कम पुढच्या रविवारी बुलेटिनमध्ये छापा. जमली तशीच छापा, थोडी असली तरी.

राहिला वडापाव. जरूर लावा, वासानेच माणसं थांबतात, आणि थांबलेला माणूस पुस्तकांच्या टेबलाकडे वळतो. पण घरी केलेले केक-कुकी विकणं आणि गरम तळलेले वडे विकणं यांत गावचं बोर्ड ऑफ हेल्थ फरक करतं. बेक सेलला सहसा सवलत असते, वड्यांसाठी तात्पुरता खाद्य परवाना लागतो. तळण चर्चच्या स्वयंपाकघरात होणार की मैदानावर, चटणीत दही आहे का, हात धुवायची सोय कुठे, हे ते विचारतील. तेलाची कढई मैदानावर मांडणार असाल तर अग्निशमन खात्यालाही कळवा. अर्ज महिनाभर आधी द्या, आणि शेंगदाणा किंवा इतर ॲलर्जीकारक काही असेल तर तसं पाटीवर इंग्रजीत ठळक लिहा. लसणीच्या सुक्या चटणीत शेंगदाणे न घालणं हा त्याहून सोपा मार्ग. आमच्याकडे खोबरं आणि तीळ घालतात, ती इथल्या लोकांना आवडते, मात्र तीळही ॲलर्जीच्या यादीत आहे, तेव्हा पाटी तरीही लागेलच.